चार पावसाळे उभी राहिलेली मारुती ८०० : आधी पाणी, मग पत्रा, मग इंजिन

गाडी १९९८ सालची मारुती ८००. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर, चार गिअर, पांढरा रंग, एसी नाही. रत्नागिरीजवळ पत्र्याच्या शेडखाली चार पावसाळे एकाच जागी उभी होती. बाहेरून बघणाऱ्याला ती बरी वाटावी अशी: रंग मळलेला पण शाबूत, काचा धड, आतली सीटं फाटलेली नाहीत. भाव भंगारापेक्षा थोडाच वर. घेणाऱ्याला रोज गावात फिरायला आणि महिन्यातून एकदा आंबा घाट चढून कोल्हापूरला जायला भरवशाची गाडी हवी होती. काम शक्य तितकं घरच्या अंगणातच करायचं होतं.

अशा कामाला ही गाडी सोयीची आहे. डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ एवढा काळ ती बनत राहिली, त्यामुळे नवे-जुने सुटे भाग अजून मिळतात. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यामुळे साधा जॅक आणि चार घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) पुरतात. हे कार्ब्युरेटरचं मॉडेल असल्याने बहुतेक दोष डोळ्यांनी, कानांनी आणि एका मल्टिमीटरवर सापडतात. अवघड असतो तो पत्रा. पैसा आणि वेळ तिथेच जातो, आणि गाडी घ्यावी की सोडावी हेही तिथेच ठरतं.

घेण्यापूर्वीची तपासणी

पहिलं काम कागदांचं. आरसी २०२३ मध्ये संपलेली होती. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये झाली आहे. त्यावर उशिराचे महिन्याला ५०० रुपये आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. हा आकडा गाडीच्या किमतीत धरूनच सौदा करावा. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर अंक-अंक जुळवून पाहावा. कोकणातल्या गाडीवर तो गंजाने खाल्लेला असू शकतो. नंबर वाचता येत नसेल तर पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही.

मग पत्रा. चुंबक, बोथट स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च एवढं पुरे. पुढची मॅट आणि तिच्याखालचा फोम पूर्ण उचलायचा. तळाच्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हर मुठीने दाबायचा. खणखणीत पत्रा आवाज देतो, कुजलेला पापडासारखा आत जातो. या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढं भोक निघालं, डावीकडे त्याहून मोठं. बॅटरीच्या ट्रेचा कोपरा गेलेला, दोन्ही दारांच्या खालच्या कडा फुगलेल्या, डाव्या सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीत, मागच्या चाकाजवळ चुंबक धरतच नव्हता. म्हणजे तिथे कुणीतरी पूर्वी पुट्टी भरून रंग मारलेला.

निर्णयासाठी बघायच्या जागा मात्र वेगळ्या आहेत. पुढच्या सस्पेन्शनचे स्ट्रट जिथे बॉडीला वर बोल्ट होतात ते बुरुज, खालचे आर्म जिथे अडकतात ती जागा, मागच्या सस्पेन्शनचे जोड आणि सीट-बेल्टचे अँकर. तळाला भोकं असली तरी गाडी वाचते. बुरुजाभोवतीचा पत्रा सोलत असेल किंवा शिवणीतून गंज उकलला असेल, तर ती गाडी घरी दुरुस्त करण्याजोगी राहत नाही. कारण तिथे चाकांची भूमिती आणि अपघातातली ताकद दोन्ही अडकलेली असतात. या गाडीचे बुरुज आणि जोड साबूत होते, म्हणून ती घेतली गेली.

पाणी येतं कुठून

बहुतेक जण इथे थेट पत्रा कापायला घेतात. तळाचा पत्रा खालून उडणाऱ्या चिखलाने कुजला असं त्यांना वाटतं. या गाडीत खालून अंडरकोट जवळपास जसाच्या तसा होता, कुजणं आतून सुरू झालेलं. पाणी वरून आत येत होतं आणि फोम ते धरून ठेवत होता.

ते शोधायची रीत सोपी. आतली मॅट काढून तळावर वर्तमानपत्र पसरायचं, एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून बागेचा पाइप हलक्या धारेने सोडायचा. सुरुवात खालून करायची: आधी दार, मग पुढच्या काचेचा खालचा कोपरा, शेवटी वरची कड. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काही कळत नाही. एका जागी पाच मिनिटं तरी धार धरायची. या गाडीत दोन वाटा सापडल्या. पुढच्या काचेचं रबर कडक होऊन खालच्या डाव्या कोपऱ्यात सुटलेलं होतं. शिवाय दाराच्या आतल्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा, पूर्वी कधीतरी स्पीकर बसवताना, फाडून टाकलेला होता. दाराच्या काचेवरून आत उतरणारं पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर जायला हवं. ती भोकं मातीने बुजली की दाराची कड कुजते, आणि पडदा नसला की तेच पाणी पॅनेलवरून तळावर येतं.

काचेवर बाहेरून सिलिकॉन फासणं हा उपाय नाही. पाणी त्याच्यामागे अडकतं आणि काचेच्या चौकटीचा पत्रा आतून जातो. काच काढली, चौकट घासून एपॉक्सी प्रायमर दिला आणि नवं रबर बसवलं. काच बसवताना रबराच्या खाचेत सुतळी फिरवून आतून ओढायची असते. हे काम काचवाल्याकडून करून घेतलेलं बरं, कारण काच तडकली की बचत संपली. दारांना जाड पॉलिथिनचा नवा पडदा ब्युटाइलच्या चिकट दोरीने लावला, आणि भोकं तारेने मोकळी केली.

पत्रा

कापायला घेण्याआधी बॅटरी काढली, अल्टरनेटरच्या वायरी सोडवल्या, पेट्रोलची टाकी आणि पाइप उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेले. वेल्डिंगच्या जागेमागचा फोम, वायरिंग आणि अंडरकोट हातभर अंतरापर्यंत काढला. पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट हाताशी ठेवलं. अंडरकोट पेट घेतो आणि आतून धुमसत राहतो, म्हणून काम संपल्यावर अर्धा तास गाडीपाशी कुणीतरी थांबायलाच हवं.

सीओटू वेल्डिंगवाला मशीन घेऊन घरी येतो, त्यालाच बोलवावं. जुन्या गॅस वेल्डिंगची उष्णता इतकी पसरते की ८०० चा पातळ पत्रा नागमोडी होतो. नवा पत्रा ०.८ मिमीचा घेतला. त्याहून जाड पत्रा मजबूत होईल असं वाटतं, पण जाड आणि पातळ पत्र्याच्या जोडावर पातळ बाजू जळून भोक पडतं. ०.६ मिमीची तार, करंट कमी, आणि सलग रेघ न ओढता एक इंच अंतराने टाके. एक टाका डावीकडे, पुढचा उजवीकडे. पत्रा हाताला सोसेल इतका निवला की मधले टाके भरायचे. कुजलेला भाग कापताना चकाकता पत्रा लागेपर्यंत मागे जायचं. जुन्यावर नवा पत्रा १२ ते १५ मिमी चढवून घ्यायचा, आणि मधल्या पृष्ठभागावर वेल्डिंग चालणारा जस्ताचा प्रायमर आधीच मारून ठेवायचा. नंतर त्या फटीत ब्रश पोचत नाही.

सिलचं काम नाजूक. ८०० ची बॉडीच तिची चासी आहे, आणि सिल कापलं की दाराची चौकट वाकते. म्हणून गाडी चाकांवर किंवा चाकांजवळच्या भक्कम जागी घोड्यांवर ठेवायची, मधोमध जॅक लावायचा नाही. दाराच्या उघड्या चौकटीत एक इंची चौकोनी नळीचा आडवा टेकू टाक्यांनी पकडायचा. दार लावून चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या. एका वेळी एकच बाजू कापायची. दार पुन्हा लावून फटी जुळल्या तरच शेवटचे टाके.

वेल्डिंगनंतर सांधे ग्राइंडरने बेताने सपाट केले. जास्त घासलं तर टाकाच निघून जातो. सांध्यांवर सीम सीलंट, आत-बाहेर दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर, खालून दगड झेलणारा रबरी अंडरकोट. सिलच्या पोकळीत बारीक नळीने मेण फवारलं. कोकणात जळकं इंजिन ऑइल खालून मारायची पद्धत आहे. ते रबरी बुश आणि ब्रेकचे होज फुगवतं, आणि पहिल्या दोन पावसांत धुऊन जातं. गंजावर थेट डांबरी थर देणं त्याहून वाईट, कारण ओल आत बंद होते.

हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावं. दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो, आणि त्यावर मारलेला प्रायमर पुढच्या वर्षी पापुद्र्याने सुटतो. घासून चकाकता केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेलाच पाहिजे.

रंग मूळचा पांढराच ठेवला. रंग आरसीवर नोंदलेला असतो, आणि पांढऱ्यावर केलेली डागडुजी सगळ्यात कमी दिसते. एकूण खर्चाचा सुमारे अर्धा भाग पत्रा आणि रंगाने खाल्ला. अशा गाडीसाठी हे प्रमाण बरोबर आहे.

टाकी आणि पेट्रोल

टाकी २८ लिटरची. चार वर्षांचं पेट्रोल व्हार्निशसारखा वास मारत होतं, तळाशी गंजाचा गाळ. टाकी रिकामी दिसली तरी तिला वेल्डिंगचा डाग द्यायला जाऊ नये, वाफांचा स्फोट होतो. गळकी असेल तर बदलायची. ही गळत नव्हती, म्हणून आत मूठभर नट टाकून हलवली, गाळ काढला, दर लिटरला ५० ग्रॅम या हिशोबाने दीड किलोच्या आत सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून काठोकाठ भरली आणि दिवसभर ठेवली. मग स्वच्छ पाणी, खायच्या सोड्याचं पाणी, पुन्हा पाणी, आणि लगेच गरम हवेने कोरडी. ओली राहिली तर तासाभरात पुन्हा लाल होते. गेजचा फ्लोट आधी काढून ठेवायचा असतो, ॲसिड त्याला सोसत नाही.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं, आणि १९९८ ची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. ती आधी फुगतात, मग चिरतात. इंजिनाच्या गरम अंगाजवळ चिरलेला होज म्हणजे आग. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा बदलला. दुकानात नुसतं पेट्रोल पाइप न मागता अंगावर एसएई जे३० आर९ छापलेला होज मागावा. जुना तुकडा सोबत नेऊन आतलं माप जुळवावं. कॅमवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅमही त्याच कारणाने गेलेला असतो. फाटला की पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास आला तर आधी पंप बघायचा.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं. टाकीत गंज आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी. ही वाटी उघडली तेव्हा मेन जेट जवळपास बंद होता. जेट तारेने कोरू नये, भोक मोठं होतं. कार्ब क्लिनरमध्ये भिजवून, उलट बाजूने हवा मारून मोकळा करावा. पूर्ण किट घालून गॅस्केट, फ्लोटची सुई आणि ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम बदलला.

इंजिन

उभ्या इंजिनाला थेट स्टार्टर मारू नये. तिन्ही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दहा मिली इंजिन ऑइल घातलं, रात्रभर राहू दिलं. सकाळी क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने तीन फेरे फिरवलं. अडलं असतं तर जोर न करता पुन्हा ऑइल आणि एक रात्र. ऑइल आणि फिल्टर बदलले (तीन लिटरचा डबा पुरतो, काडी बघत भरायचा). टायमिंग बेल्ट किलोमीटर न बघता वयावर बदलला. मग प्लग नसतानाच, ऑइलचा दिवा विझेपर्यंत, थोडं थोडं थांबत स्टार्टर दिला. त्यानंतर प्लग लावून चालू केलं.

चाललं, पण थरथरत. गरम इंजिनावर, तिन्ही प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं: १६०, १५५ आणि तिसऱ्यात १०५ पीएसआय. अशा आकड्यावर रिंगा गेल्या, इंजिन उतरवा, असा सल्ला मिळतो. त्याआधी पाच मिनिटांची एक चाचणी करायची असते. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा चांगला उसळला तर गळती रिंगांची. इथे तो ११० वरच थांबला, म्हणजे गळती व्हॉल्व्हची. रॉकर कव्हर उघडल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यात फटच नव्हती, तो पूर्ण बसतच नव्हता.

या इंजिनात फट रॉकरच्या स्क्रूने लावता येते. थंड इंजिनावर साधारण ०.१५ मिमी. फायरिंगचा क्रम १-३-२, म्हणून पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून त्याचे दोन व्हॉल्व्ह लावायचे, मग क्रँक २४० अंश फिरवून तिसऱ्याचे, पुन्हा २४० अंशांवर दुसऱ्याचे. लॉक नट कसताना स्क्रू किंचित फिरतो, त्यामुळे कसल्यावर फिलर गेज पुन्हा घालून बघायची. फट लावून गाडी थोडी चालवल्यावर तिसरा सिलिंडर १५० वर आला. व्हॉल्व्हचं तोंड जळलेलं असतं तर तो आला नसता आणि हेड उतरवावं लागलं असतं.

थर्मोस्टॅट गायब होता. गाडी तापते म्हणून गॅरेजमध्ये तो काढून टाकायची सवय जुनी आहे, आणि ती चुकीची आहे. इंजिन कायम थंड राहतं, चोक लांबतो, पेट्रोल जास्त जातं, बोअर झिजतो. तापण्याचं खरं कारण बहुधा नळाच्या पाण्याने गंजून बुजलेला रेडिएटर असतं. रेडिएटरवाल्याकडून तो साफ करून घेतला, ८२ अंशांचा थर्मोस्टॅट आणि तयार कूलंट घातलं. आंबा घाटासाठी पंख्याचा स्विच वेळेवर लागतो का हे उभ्या गाडीवर, काटा वर चढेपर्यंत थांबून, पाहिलं.

मिश्रणाचा स्क्रू कानाने लावून शेवटी पीयूसीच्या मशीनवर बारीक केला. या काळातल्या गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. इथेनॉलमुळे मिश्रण मुळात पातळ होतं, त्यामुळे आकडा फार खाली ओढायचा मोह टाळावा, नाहीतर गिअर टाकताना इंजिन अडखळतं.

ब्रेक

पुढे डिस्क, मागे ड्रम. ब्रेक ऑइलसुद्धा हवेतलं पाणी ओढतं. ताज्या डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, पाणी मुरल्यावरचा १४० पर्यंत उतरू शकतो. आंबा घाट उतरताना हे अंतर जिवाचं आहे. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जातं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५, आणि ते त्याच यंत्रणेत चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते घालू नये.

मास्टर सिलिंडर, मागचे दोन्ही व्हील सिलिंडर आणि सगळे रबरी होज नवे घातले. किट घालून जुनंच चालवता येतं, पण आतल्या गंजाच्या खड्ड्यांवर नवं रबर महिन्याभरात फाटतं. कॅलिपरच्या पिना जाम होत्या. त्या घासून ब्रेकसाठीचं ग्रीस लावलं, साधं ग्रीस रबर फुगवतं. जुन्या शूजच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममध्ये हवा न मारता पाण्याने धुवावं. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळ यायचं, आणि ब्रेक ऑइलची वाटी कधीच रिकामी होऊ द्यायची नाही.

काय बदललं, काय नाही

हेडलाइटला रिले (बॅटरीतून बल्बला थेट वीज देणारे छोटे विजेचे स्विच) बसवले, आणि या कामाइतका फायदा देणारा दुसरा बदल या गाडीत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि बल्बपाशी ११.८, बाकीचं जुन्या स्विचमध्ये आणि बारीक वायरींत जिरत होतं. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड तीसेक टक्क्यांनी घटतो. दोन रिले, बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज, २.५ चौरस मिमीची वायर आणि बॉडीला घासून पक्की केलेली अर्थिंगची जोडणी. बल्ब ६०/५५ वॉटचेच. ९०/१०० वॉटचे बल्ब बेकायदा आहेत, आणि ते जुन्या होल्डरचं प्लास्टिक वितळवतात.

घेणाऱ्याची मागणी १३ इंची टायरची होती. मूळ १४५/७० आर१२ चा व्यास ५०८ मिमी, १५५/६५ आर१३ चा ५३२ मिमी. म्हणजे जवळपास पाच टक्के मोठा. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ वर असेल, चढावर दुसरा गिअर जड पडेल, आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डच्या अस्तराला घासेल. एवढ्या लहान इंजिनाला घाटात ते परवडत नाही. मूळ मापाचेच नवे टायर घातले. जुन्यांची नक्षी भरपूर होती, पण अंगावरचा चार आकडी आठवडा-वर्षाचा शिक्का ते दशकभर जुने असल्याचं सांगत होता.

मोठं इंजिन टाकण्याचा विचार सोडून दिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ रचनेत मालकाला बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. इंजिन बदलायला आरटीओची पूर्वपरवानगी लागते, आणि ती नसताना अपघात झाला तर विमा कंपनीला दावा अडवायला आयतं कारण मिळतं. शिवाय ब्रेक आणि बॉडी या इंजिनाच्याच ताकदीसाठी आखलेले आहेत. गिअरच्या दांड्याचे बुश, इंजिनाचे माउंटिंग आणि फाटलेले ड्राइव्ह शाफ्टचे बूट एवढे बदलले तरी गाडी हाताला वेगळीच लागते.

नोंदणी नूतनीकरणाचा नमुना २५ भरून, विमा आणि पीयूसी काढून, नव्या सुरक्षा नंबर प्लेटसह गाडी आरटीओत तपासणीला गेली. पुढचे ५०० किलोमीटर घाट नाही. त्यानंतर चाकांचे नट आणि सस्पेन्शनचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा कसायचे, व्हॉल्व्हची फट पुन्हा बघायची, पेट्रोल फिल्टर बदलायचा, कारण टाकीतला उरलेला गंज याच टप्प्यात सुटून येतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर मॅट उचलून तळाला हात लावून बघायचा. ओल लागली तर पाइप घेऊन पुन्हा काचेच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात.